ता. क. मध्ये लपलेला प्रकल्प

पत्र

वय 46, राहते कोथरूडला. अकरा वर्षं आयटीत होते, त्यातली शेवटची चार प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून. अमेरिकन विमा कंपनीचं काम होतं, हाताखाली अठरा जण. 2014 मध्ये धाकट्याच्या आजारपणामुळे नोकरी सोडली. तो सावरतो तोवर सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि परत जाणं राहूनच गेलं. आता धाकटा बारावी झालाय, सासूबाईंसाठी दिवसाची बाई आहे. चार महिने नोकरीच्या साइटवर अर्ज टाकतेय, एकही फोन नाही. पीएमपी हे प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र 2011 मध्ये घेतलं होतं, नूतनीकरण केलं नाही. एक क्लास ‘पीएमपी, अजाईल आणि एआय’ असं पॅकेज साठ हजारांत देतोय. घेऊ का? बायोडेटात अकरा वर्षांच्या जागी काय लिहू? बत्तीस वर्षांच्या बॉसच्या हाताखाली काम करणं जमेल का? पगार किती मागायचा? नवरा म्हणतो, आता कशाला, काय कमी आहे?

ता. क. मधल्या काळात अगदीच घरी नव्हते. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटला सेक्रेटरी होते. 2019 पासून गेल्या वर्षी ताबा मिळेपर्यंत बावीस सभासदांना सांभाळलं. दोघं शेवटपर्यंत सही करेनात. करारात साधं पार्किंग कबूल करून बिल्डरने नकाशात यांत्रिक पार्किंग दाखवलं, तेव्हा दोन्ही कागद सभेत शेजारीशेजारी ठेवून मीच ते पकडून दिलं. पण ते काही काम नव्हे.

उत्तर

ता. क. आधी घेते, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं तिथेच आहेत.

पुनर्विकास ज्यांनी केलेला नाही त्यांना वाटतं, बिल्डर येतो, सह्या होतात, जुनी इमारत पडते, नवी उभी राहते. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79 अ खालचा 4 जुलै 2019 चा शासन निर्णय तुम्हाला बहुधा पाठ असेल. विशेष सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती जमवायची. प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमायचा, त्याच्याकडून व्यवहार्यता अहवाल घ्यायचा, मग निविदा आणि तुलनात्मक तक्ता. विकासक ठरवायच्या सभेला उपनिबंधक कार्यालयाचा अधिकारी हजर हवा, सभेचं चित्रीकरण हवं, निम्म्याहून जास्त सभासदांची लेखी संमती हवी, बँक गॅरंटी हवी. हे झालं कागदावरचं. कागदाबाहेर प्रत्येक फ्लॅटच्या कार्पेट एरियाचं भांडण, भाडं कोणत्या तारखेपासून सुरू त्याचं भांडण, आणि वरच्या मजल्यावर जायला तयार नसलेले आजोबा. मध्ये कोविड येऊन गेला, तो वेगळाच.

तुम्ही प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार निवडलात आणि त्याच्याकडून काम करून घेतलंत. आणि वर विचारताय की प्रकल्प व्यवस्थापनात परत घेतील का!

पार्किंगचा प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. करारात एक, नकाशात दुसरं. कबूल केलेल्या कामाची व्याप्ती विकासकाने परस्पर बदलली. तुम्ही मूळ कागद आणि बदललेला कागद समोरासमोर ठेवलात, तेही सगळ्या सभासदांच्या देखत आणि सह्या अडकायच्या आत. मुलाखतीत मी उमेदवारांना हमखास विचारते, व्हेंडरने स्कोप बदलला तर काय कराल? दहातले आठ जण चेंज रिक्वेस्टची, म्हणजे बदलाच्या लेखी मागणीची, व्याख्या म्हणून दाखवतात. तुमच्याकडे तारखेनिशी, कागदानिशी, शेवट असलेली गोष्ट आहे. सही न करणाऱ्या दोघांचं पुढे काय झालं, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. मुलाखतीत सांगा. ते समजून उमजून आले, की त्यांच्याशिवाय पुढे जावं लागलं, की अजून कोर्टात आहेत? तिन्हीपैकी कुठलंही उत्तर चालेल, फक्त ते खरं आणि तपशीलवार असू द्या.

आता बायोडेटा. अकरा वर्षांच्या जागी दोन नोंदी करा. पहिली एका ओळीची: ‘2014 ते 2019, कौटुंबिक जबाबदारीसाठी नोकरीतून विराम.’ लिंक्डइनने 2022 पासून अशा विरामासाठी वेगळी नोंद ठेवलेली आहे, ती वापरा. मुलाचा आजार कोणता, सासूबाईंची तब्येत कशी, हे लिहायचं नाही आणि कुणी विचारलं तरी सांगायला तुम्ही बांधील नाही. दुसरी नोंद 2019 पासूनची, पद ‘मानद सचिव, गृहनिर्माण संस्था पुनर्विकास’. मानद हा शब्द आवर्जून घाला, नाहीतर पडताळणीत पगारपत्रक मागतील. खाली चार ओळी पुरेत: सभासद किती, प्रकल्पाची किंमत किती, निविदा किती आल्या आणि कशावर निवड झाली, ताबा ठरल्या तारखेच्या किती आधी किंवा नंतर मिळाला. उशीर झाला असेल तर महिने लिहा आणि कारणही लिहा. उशिराचं कारण नीट सांगता येणाऱ्या माणसावर माझा पटकन विश्वास बसतो.

एक मात्र करू नका. हल्ली काही जण सुचवतात की घर चालवणं हेच प्रोजेक्ट मॅनेजमेंट, म्हणून ‘होम सीईओ’ किंवा तसलं काहीतरी लिहा. माझं मत कडक आहे: लिहू नका. घर सांभाळणं सोपं आहे असं माझं म्हणणं नाही, उलट आहे. पण तसं लिहिलं की वाचणारा गालात हसतो आणि खालची खरी नोंदही त्याच हसण्यात वाहून जाते.

सोसायटीच्या अध्यक्षांकडून लेटरहेडवर पत्रही घेऊन ठेवा: कालावधी, पद, जबाबदारी. नवी कमिटी निवडून यायच्या आत घ्या. सोसायट्यांचं राजकारण तुम्हाला मी सांगायला नको.

चार महिने फोन आला नाही, याचा अर्थ कुणी तुमचा बायोडेटा वाचून बाजूला ठेवला असा घेऊ नका. बहुतेक कुणी वाचलेलाच नाही. भरती करणारी मंडळी सध्याची कंपनी, नोटीस पीरियड, गेल्या काही वर्षांतलं तंत्रज्ञान अशा गाळण्या लावतात. तुमचा शेवटचा मालक 2014 मधला, त्यामुळे तुम्ही पहिल्याच गाळणीत अडकता. तिथे आणखी शंभर अर्ज टाकून काही होणार नाही. तुम्हाला वाट माणसांमार्फतच काढावी लागेल.

त्या अठरा जणांची यादी करा. 2014 मध्ये जे तुमच्याकडे डेव्हलपर आणि टेस्टर होते ते आज चाळिशीच्या आसपास आहेत, त्यातले निदान चार-पाच जण कुठे ना कुठे डिलिव्हरी हेड किंवा त्याच्या जवळपास असतील. त्यांना ‘काही ओपनिंग असेल तर कळव’ असा मेसेज पाठवू नका, त्याला अंगठा येतो आणि विषय संपतो. असं लिहा: ‘मी परत काम सुरू करतेय. सध्या तुमच्याकडे प्रोजेक्ट कसे चालतात ते समजून घ्यायचंय, पंधरा मिनिटं फोनवर देशील का? या आठवड्यात संध्याकाळी सातनंतर केव्हाही.’ पंधरा मिनिटांना लोक नाही म्हणत नाहीत, आणि जुन्या मॅनेजरने काही विचारलं की माणसाला बरंही वाटतं. फोनवर नोकरी मागू नका. शेवटी इतकंच विचारा की आणखी कुणाशी बोलू. रेफरल तिथून येतो.

दुसरी वाट खास परतणाऱ्यांसाठीच्या योजनांची. टाटा समूहाने असा उपक्रम 2008 मध्येच सुरू केला होता. आता टीसीएसची रीबिगिन, विप्रोची बिगिन अगेन, इन्फोसिसची रीस्टार्ट, अ‍ॅक्सेंचरची करिअर रीबूट अशी नावं ऐकू येतात. 2015 मध्ये जॉब्सफॉरहर म्हणून सुरू झालेली आणि आता हरकी नावाने चालणारी साइट तर याच कामासाठी आहे. तिथे विरामाबद्दल स्पष्टीकरण द्यावं लागत नाही, हा मोठा फायदा. पण प्रत्येक योजनेच्या अटी वेगळ्या असतात आणि त्या बदलतात. काहींत आधी काही महिने इंटर्नशिप असते, तेव्हा अर्ज करण्याआधी दोन गोष्टी विचारा: नंतर कायम कोण करतं, आणि ते कशावरून ठरतं. उत्तर ईमेलवर घ्या. ‘बघू, परफॉर्मन्सवर’ इतकंच उत्तर मिळालं तर ती जागा बाजूला ठेवा. फुकट काम करायला लावणाऱ्या ‘ट्रायल’ला तर साफ नाही म्हणा.

तिसरी वाट तुमच्या डोक्यात आलेली दिसत नाही, म्हणून सांगते. पुण्यात जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास धडाक्यात चाललाय, आणि सोसायट्यांसाठी काम करणाऱ्या सल्लागार कंपन्यांना इंजिनिअर सहज मिळतात. सभासदांसमोर उभं राहून तुलनात्मक तक्ता समजावून सांगणारा, इतिवृत्त नीट लिहिणारा, चिडलेल्या माणसाला चहा पाजून सहीपर्यंत आणणारा माणूस सहज मिळत नाही. तुमच्या सोसायटीच्याच सल्लागाराला एकदा भेटा. पगार आयटीइतका नसेल, रविवारी सभा असतील, पण अनुभव ताजा धरला जाईल आणि हिंजवडी गाठावी लागणार नाही. मी जबरदस्ती करत नाही, पण आयटीच्या नादात हा विचार सुटू नये.

आता साठ हजारांचा क्लास. माझं उत्तर नाही असं आहे, निदान आत्ता तरी. पीएमपी टिकवायला दर तीन वर्षांत 60 पीडीयू, म्हणजे शिकण्याचे तास मोजणारे गुण, लागतात. ते झालं नाही की एक वर्ष प्रमाणपत्र निलंबित राहतं आणि मग रद्दच होतं. म्हणजे तुम्हाला परीक्षा नव्याने द्यावी लागणार, आणि परीक्षेआधी अर्जात अनुभव दाखवावा लागणार. तो अनुभव अर्जाच्या मागच्या ठरावीक वर्षांतलाच धरतात, 2014 पर्यंतचा तुमचा बाहेर पडतो. क्लासवाल्याला हा एकच प्रश्न विचारा: ‘माझा अनुभव पात्र ठरतो का, लेखी द्याल?’ तो विषय बदलेल. नोकरीत वर्ष-दोन वर्षं झाली की कंपनीच्या पैशातून पीएमपी करा. सीएपीएमला अनुभव लागत नाही हे खरं, पण अठरा जणांची टीम चालवलेल्या बाईच्या बायोडेटावर ते नवख्याचं प्रमाणपत्र कशाला?

क्लासऐवजी हे वाचा. स्क्रम ही छोट्या टप्प्यांत काम पुढे नेणाऱ्या अजाईल विचारातली एक पद्धत. स्क्रम गाइडची नोव्हेंबर 2020 ची आवृत्ती इंटरनेटवर फुकट आहे, अवघ्या काही पानांची. एका दुपारी वाचून होते. तुम्ही 2011 मध्ये परीक्षा दिलीत तेव्हा पीएमबॉक या प्रकल्प व्यवस्थापनाच्या मार्गदर्शक ग्रंथाची चौथी आवृत्ती होती, त्यात 42 प्रक्रिया. 2021 मध्ये सातवी आवृत्ती आली तेव्हा प्रक्रियांची ती यादी मागे गेली आणि पुढे आली 12 तत्त्वं. त्याच वर्षी पीएमपीची परीक्षाही बदलली आणि साधारण निम्मे प्रश्न अजाईल आणि हायब्रिड (जुनी-नवी मिश्र) पद्धतीचे झाले. स्क्रम गाइड वाचताना तुम्हाला पहिला धक्का बसेल तो असा की त्यात प्रोजेक्ट मॅनेजर हे पदच नाही. काय बनवायचं ते ठरवणारा प्रॉडक्ट ओनर आहे, पद्धत नीट पाळली जाते ना हे बघणारा स्क्रम मास्टर आहे, डेव्हलपर आहेत. घाबरू नका. तुमचं काम गायब झालेलं नाही, त्याच्यावरच्या पाट्या बदलल्यात. म्हणून शोधताना ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ एवढंच टाइप करू नका. डिलिव्हरी मॅनेजर, प्रोग्रॅम मॅनेजर, पीएमओ अ‍ॅनालिस्ट, रिलीज मॅनेजर, स्क्रम मास्टर, सगळं टाका, आणि जाहिरातीतलं पदाचं नाव सोडून खाली कामं काय लिहिलीत ते वाचा. विम्याचा अनुभव असलेल्यांना परदेशी विमा कंपन्यांच्या पुण्यातल्या ग्लोबल कॅपॅबिलिटी सेंटरमध्ये, म्हणजे त्यांच्या इथल्या स्वतःच्या कार्यालयांत, वाव असतो, तेही बघा.

रोजचं काम बदललंय ते असं. तुम्ही शुक्रवारी स्टेटस रिपोर्ट पाठवत होतात. आता जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरच्या बोर्डावर क्लायंट स्वतःच बघतो की कुठलं काम कुठे अडकलंय. त्यामुळे ‘ऐंशी टक्के झालं’ हे वाक्य कुणी ऐकून घेत नाही. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या टप्प्याच्या, शेवटी चालतं काय ते दाखवावं लागतं. रोजची स्टँडअप मीटिंग पंधरा मिनिटांची, त्यात तीन तास मीटिंग केल्यासारखं बोलणारे अजूनही असतात, ते काही बदललेलं नाही. मीटिंगचं टिपण आता एआय काढून देतं. ते वाचून कोण काय बोललं नाही हे ओळखणं मात्र माणसावरच आलंय, आणि सभेत गप्प बसलेला सभासद नंतर जिन्यात काय बोलतो हे तुम्हाला ठाऊक आहे. ठरीव किमतीच्या करारांत अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे झालेल्या कामाची बजेटनुसार किंमत, अजूनही विचारतात. सीपीआय (ही किंमत भागिले झालेला खर्च) 0.8 म्हणजे रुपया खर्चून 80 पैशांचं काम झालं, एवढं आठवत असेल तर बाकीचं उजळणीत येईल.

जिरा दहा जणांपर्यंत फुकट वापरता येतं. घरी अकाउंट उघडा आणि पुनर्विकासाचे शेवटचे सहा महिने त्यात मांडा: ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), लिफ्टची परवानगी, फ्लॅटमधल्या त्रुटींची यादी, कॉर्पसचा (बिल्डरने द्यायच्या निधीचा) हप्ता. कशावर काय अवलंबून होतं ते जोडा. आठवडाभराचं काम आहे. मुलाखतीत ‘जिरा येतं का?’ विचारलं तर स्क्रीन शेअर करा. सभासदांची नावं, फ्लॅटचे नंबर आधी काढून टाका, हे सांगायला हवंच. प्रमाणपत्र हवंच असेल तर स्क्रम डॉट ऑर्गचं पीएसएम वन हे स्क्रम मास्टरचं प्रमाणपत्र घ्या. त्याला क्लासची सक्ती नाही, ते रद्द होत नाही. 60 मिनिटांत 80 प्रश्न आणि उत्तीर्ण व्हायला 85 टक्के, तेव्हा हलक्यात घेऊ नका.

बत्तीस वर्षांच्या बॉसचं म्हणाल तर अडचण बहुतेक वेळा त्याला होते. तो तुम्हाला मॅडम म्हणेल, तुमच्या चुका दाखवायला लाजेल, आणि मग त्या वरच्याला सांगेल. पहिल्याच आठवड्यात त्याला सांगा, नावाने हाक मार आणि चुकलं की तोंडावर सांग. ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द पहिले तीन महिने काढू नका.

पगाराचा आकडा मी देणार नाही, कारण कंपनी, शहराचा भाग, पद यांनुसार तो इतका बदलतो की माझा आकडा तुम्हाला एकतर निराश करेल नाहीतर हट्टाला पेटवेल. 2014 चा पगार सांगू नका, तो आता कशाचाच आधार नाही. ‘या पदासाठी तुमची रेंज काय आहे?’ हा उलटा प्रश्न विचारा. एक पायरी खालचं पद घ्यायला हरकत नाही, वर्षभरात भरून निघतं. दोन पायऱ्या खाली उतरू नका. तिथून वर यायला लागणारी वर्षं 46 व्या वर्षी परवडत नाहीत, आणि तिथे तुम्हाला कंटाळाही येईल.

कागदपत्रं आजच काढा. पुण्यातल्या किती कंपन्यांची नावं गेली बघा: पटणी 2011 मध्ये आयगेटकडे, आयगेट 2015 मध्ये कॅपजेमिनीकडे, सिंटेल 2018 मध्ये अ‍ॅटॉसकडे. तुमची जुनी कंपनी अशी विकली गेली असेल तर पडताळणीला कुणाकडे ईमेल जाणार हे आधी शोधून ठेवा. रिलीव्हिंग लेटर, शेवटचा फॉर्म 16, पीएफचा जुना सदस्य क्रमांक हवा. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा क्रमांक, 2014 मध्येच आला, त्यामुळे तुम्हाला तो मिळालेलाच नसण्याची शक्यता आहे. जुन्या पत्रांवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल तर हे आता निस्तरा. ऑफर हातात आल्यावर नावाच्या स्पेलिंगपायी रुजू होण्याची तारीख पुढे जाताना मी पाहिलीय.

राहिला ‘काय कमी आहे?’ हा प्रश्न. त्याला उत्तर देत बसू नका, त्यातून वाद निघेल आणि वादात तुम्हाला तुमच्या इच्छेचं कारण सिद्ध करावं लागेल. त्याऐवजी कामाचं बोला. दिवसाची बाई सहा वाजता जाते असं धरू. अमेरिकेतल्या क्लायंटचे कॉल साडेसहाला सुरू होतात आणि नऊ-साडेनऊपर्यंत चालतात. त्या तीन तासांत सासूबाईंना जेवण कोण देणार, औषध कोण देणार? बाई दांडी मारेल त्या दिवशी कोण थांबणार? नवऱ्याने आणि धाकट्याने वार वाटून घ्यायला हवेत, आणि तेही ऑफर येण्याआधी, कारण ऑफर आल्यावर सगळेच खुशीत ‘होईल गं’ म्हणतात. मग मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं म्हणतील तेव्हा ऑफिसला आठवड्यातून किती दिवस यायचं आणि संध्याकाळचे कॉल घरून घेता येतील का, हे विचारून टाका.